राखीव बिट

त्या रविवारी सकाळी विद्यापीठामागच्या टेकडीवर विभागप्रमुख देवळेकर मॅडम, त्यांचे सगळे प्राध्यापक आणि विद्यापीठाचा माळी कडुनिंबाच्या रोपांनी भरलेली ट्रॉली घेऊन उभे होते. खड्डे खणून तयार होते, पाण्याचा टँकर आला होता, नाश्त्याचे पोहेसुद्धा आले होते. आले नव्हते ते फक्त विद्यार्थी. संगणक-जाळे विभागाची सगळी पलटण त्या वेळी वसतिगृहात गाढ झोपली होती, आणि कुणाच्याही मनाला टोचणी वगैरे नव्हती.

सोमवारी मॅडम वर्गात शिरल्या त्याच कपाळाला आठ्या घालून. पोह्यांचं काय झालं हे कुणी विचारलं नाही.

"शुक्रवारी मी तुम्हा सगळ्यांना फोनवर निरोप दिला होता. काय सांगितलं होतं मी?"

वर्ग एकदम अभ्यासू झाला. जो तो वहीत डोकं घालून बसला. शेवटी मागच्या बाकावरून श्रीनिवास येमूल उठला. हा सोलापूरचा, घरी तेलुगू बोलणारा, आणि खरं बोलल्यानं काय बिघडतं हे अजून न कळलेला मुलगा.

"मॅडम, तुम्ही म्हणालात, रविवारी सकाळी आम्ही सगळे टेकडीवर झाडं लावायला जाणार आहोत."

"मग?"

"मग आम्हाला वाटलं, तुम्ही सगळे सर-मॅडम जाणार आहात. चांगली गोष्ट आहे, असं वाटलं."

वर्ग खदखदून हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"मी 'आपण सगळे' म्हटलं होतं, येमूल."

"मॅडम, सगळ्यांना 'आम्ही'च ऐकू आलं."

तिसऱ्या बाकावरची ओवी लोणारी सगळ्यांबरोबर हसत होती. हसता हसता ती मध्येच थांबली. आठ महिने तिच्या मनात एक वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. तिच्या सख्ख्या भावाचं वाक्य. "आमच्या फॅक्टरीचं आम्ही बघून घेऊ. तू काळजी करू नकोस."

फॅक्टरी म्हणजे बार्शीची लोणारी सोडा फॅक्टरी. नाव मोठं, पण आत एक पत्र्याची शेड, बाटल्या धुवायचा हौद आणि बाबांनी बसवलेलं गॅस भरायचं हिरवं मशीन, एवढाच पसारा. गोळीच्या बाटल्या, जिंजर, लेमन आणि उन्हाळ्यात वाळा. ओवीचं लहानपण त्या हौदाच्या कडेवर बसून बाटल्या विसळण्यात गेलं होतं. बाबा गेल्यावर शार्दूलदादानं नोकरीचा विचार सोडला आणि फॅक्टरी हातात घेतली, म्हणून ओवी शिकायला बाहेर पडू शकली. हे ती विसरली नव्हती. म्हणूनच ते वाक्य तिला इतकं लागलं होतं. सगळं आपलं होतं ते एका फोनमध्ये 'आमचं' झालं. दादा आणि नेत्रावहिनी असे दोघं आत, आणि ओवी दाराबाहेर.

आता ह्यावर सरळ विचारायचं की नाही? दादा, तू असं का बोललास, म्हणून? पण रुसलेल्या माणसानं आपण का रुसलो हे सांगितलं तर रुसण्यात मजा ती काय राहिली. ओवीनं फोन कमी केले, मग दिवाळीला परीक्षेचं निमित्त काढलं. दादानंही आग्रह केला नाही. त्यामुळे तिचा संशय पक्का झाला. आणि गेल्या आठवड्यात आईनं सहज सांगावं तसं सांगितलं, की शार्दूल फॅक्टरी बंद करतोय, शनिवारी भंगारवाले शेठ मशीन न्यायला येणार आहेत. ओवी त्यावर फक्त "बरं" म्हणाली होती. त्यांचं ते बघून घेतील.

आणि आज कळत होतं, की 'आपण'चं 'आम्ही' होऊ शकतं.

ह्यात नेमकं काय होत असेल, हे ओवीला ओळखता येण्यासारखं होतं, कारण तोच तिचा विषय होता. जुन्या जाळ्याचं काम हमालाचं होतं. बोललेला आवाज शून्य आणि एकच्या लांबलचक माळेत बदलायचा, माळेचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा आणि वाटेतल्या यंत्रांनी तो पुढे पुढे ढकलत पोचवायचा. गाठोड्यात काय आहे हे हमालाला ठाऊक नसे, आणि ठाऊक नसे म्हणूनच तो त्यात ढवळाढवळ करत नसे. पण हवेतल्या लहरी काही वाढवता येत नाहीत. माणसांचे फोन, मोटारी, पंप, शेतातले सेन्सर, सगळ्यांची गाठोडी मावेनाशी झाली, तेव्हा अर्थवहन आलं. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. ह्यात तुमचा फोन तुमचं वाक्य ऐकतो आणि समजून घेतो. मग आवाज पाठवण्याऐवजी एका जागतिक अर्थकोशातले थोडेसे आकडे पाठवतो: कोण, काय, केव्हा, कुठल्या सुरात. पलीकडचा फोन त्या आकड्यांवरून वाक्य नव्यानं रचतो आणि तुमच्याच आवाजात, तुमच्याच हेलात बोलून दाखवतो. ऐकताना तुम्हाला वाटतं, दादा बोलतोय. खरं तर दादाच्या आवाजात तुमचाच फोन बोलत असतो.

पहिल्या वर्षाला असताना ओवीनं हे दादाला सोड्यावरून समजावलं होतं. बाबा बाहेरगावच्या टपऱ्यांना भरलेल्या बाटल्या पाठवत नसत, नुसता अर्क पाठवत. पाणी तिथलं, गॅस तिथला. तसंच हे.

"आणि चव?" दादानं विचारलं होतं.

"तीच."

"कशाची तीच? पाणी बदललं की चव बदलती. भूमच्या टपरीचा जिंजर कधी प्यायलीस का? बाबा तिथं गेले की चहाच प्यायचे."

तेव्हा ती हसली होती.

दुपारी ओवीनं श्रीनिवासला प्रयोगशाळेत गाठलं. हे दोघं प्रयोगातले जोडीदार होतेच, आणि वर्षभरापासून त्यापलीकडचेही होते. लग्न करायचं ठरलं होतं, आणि ओवीनं ते घरी सांगितलंही होतं. त्याला तिनं शेजारच्या खोलीत बसवलं आणि स्वतः चाचणीच्या फोनमध्ये बोलली, "आपण जेवायला जाऊ."

"आपण जेवायला जाऊ, असं ऐकू आलं," पलीकडून श्रीनिवास ओरडला. "चला, मला भूक लागलीय."

ओवीनं फोनमधली बोलणाऱ्याची माहिती उघडली आणि एकच गोष्ट बदलली. अविवाहित होतं तिथं विवाहित केलं. मग तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हटलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग श्रीनिवास स्वतःच दारात आला.

"'आम्ही जेवायला जाऊ,' असं म्हणालीस तू. तुझं लग्न कधी झालं?"

त्यांनी संध्याकाळपर्यंत माहिती बदलून बदलून तेच केलं. बोलणारा विभागप्रमुख केला, की त्याचं 'आपण' म्हणजे त्याचे प्राध्यापक. बोलणारा दुकानदार, की त्याचं 'आपण' म्हणजे त्याचं दुकान. लग्न झालेला भाऊ, की नवरा-बायको. कारण साधं होतं. अर्थकोश रचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' ह्या दोन्हींना मिळून एकच शब्द. म्हणून कोशातही एकच आकडा: बोलणारा आणि इतर. ह्या इतरांत ऐकणारा धरायचा की नाही, ह्याला जागाच नव्हती. पलीकडच्या फोनला मराठीत मात्र दोहोंतलं एक निवडावंच लागे, आणि तो लाखो संभाषणांच्या अनुभवावरून जे जास्त संभवतं ते निवडे. लग्न झालं की माणसं बायकोला धरूनच बोलतात, असा त्याचा अनुभव. पुष्कळदा तो खराही असेल. पण नेहमी नाही.

सगळ्यात गमतीची गोष्ट पडद्याच्या कोपऱ्यात होती. प्रत्येक प्रयोगाखाली हिरव्या अक्षरांत लिहून येत होतं, की अर्थ पूर्ण पोचला. मोजणारं यंत्र इकडचे आकडे आणि तिकडचे आकडे ताडून बघे. आकडे तेच होते. जे मुळात आकड्यांत शिरलंच नाही, ते हरवलं हे यंत्राला कळणार कसं?

"तेलुगूतही असंच आहे," श्रीनिवास सावकाश म्हणाला. "मनम् म्हणजे आपण, मेमु म्हणजे आम्ही. आजी म्हणत होती, फोनवर तू परक्यासारखा बोलतोस. मी तिलाच हसलो होतो."

ह्या तीन वर्षांत महाराष्ट्रात किती रुसवे वाढले, ते कुणी मोजलेले नाहीत. किती सुनांनी, किती भावांनी, किती मित्रांनी एका शब्दाला धरून आपापली दारं लावून घेतली असतील. माणसं एकमेकांना तोडून बोलायला लागलीत, अशी तक्रार सगळेच करत होते, आणि जो तो जमान्याला दोष देत होता.

ओवीला मात्र त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाचं काही पडलेलं नव्हतं. ती आनंदानं हलकी झाली होती. दादा म्हणाला होता, आपल्या फॅक्टरीचं आपण बघून घेऊ. बाबांसारखंच बोलला होता. आणि ती वेडी आठ महिने फुगून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती देवळेकर मॅडमसमोर उभी राहिली. मॅडमनी सगळे प्रयोग बघितले, दोन स्वतः करून बघितले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माणसाला संदर्भावरून कळायला हवं."

"माणसाला कळलंच असतं मॅडम. पण संदर्भ लावतो तो फोन, आणि आपल्याला नुसता निकाल ऐकवतो. तुम्ही रविवारी टेकडीवर उभ्या होतात."

मॅडमना हे झोंबलं, पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मराठीची चाचणी पास झाली, असं अर्थकोशाच्या जागतिक समितीला कळवणारी मी होते. तुला माहीत आहे ना?"

"हो मॅडम."

"म्हणजे तुझा प्रकल्प माझीच चूक काढणार."

"हो मॅडम." ओवी लगेच म्हणाली. "पण दुरुस्तीही आहे. कोशातल्या प्रत्येक आकड्यापुढे एक बिट राखीव ठेवलाय. तो कशासाठी वापरायचा हे अजून कुणी ठरवलेलं नाही, म्हणून कायम शून्य असतो. बोलणाऱ्याच्या फोननं 'आपण' ऐकलं की तिथं एक घालायचा. बस. जाळ्यावर कणभरही भार वाढत नाही."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"अख्खी मराठी एका बिटावर अडली होती म्हणायची," त्या म्हणाल्या. "चूक काढतेच आहेस तर नीट काढ. मराठी, तेलुगू, तमिळ, जेवढ्या भाषांत हा फरक आहे तेवढ्या सगळ्या घे. समितीपुढे मी बसेन तुझ्या शेजारी. अर्धवट काम घेऊन मात्र येऊ नकोस."

"नीट करते मॅडम. पण सोमवारपासून. आधी मला बार्शीला जायचंय."

"फोनवर नाही का होणार?" मॅडमनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांनाच हसू आलं.

शनिवारी दुपारी ओवी फॅक्टरीच्या दारात उतरली तेव्हा हौद कोरडा होता. आई खुर्ची टाकून रबराचे जुने वायसर निवडत बसली होती, फॅक्टरी उद्यापासून दुप्पट जोरात चालणार असल्यासारखी. हिरव्या मशीनचे पट्टे काढून ठेवले होते. दादा पान्यानं तळाचे बोल्ट सैल करत होता. ओवीला बघून तो उठला, पण पुढे आला नाही.

"आलीस होय. कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर भलतंच काही पोचलं असतं."

नेत्रावहिनी आतून पाणी घेऊन आली. "ओवीताई, आधी पाणी प्या, मग भांडा," म्हणाली आणि आईशेजारी टेकली.

ओवीनं तिथंच, उभ्यानंच, सगळं सांगून टाकलं. टेकडी, कडुनिंबाची रोपं, एकच आकडा, लग्न झालेला भाऊ. सांगताना तिला आपलं हसू आवरत नव्हतं. बोल्टांच्या ढिगाशेजारी उभा राहून दादा सगळं नीट ऐकत होता.

"म्हणून मला ते तसं ऐकू आलं," ती शेवटी म्हणाली. "तू 'आपल्या फॅक्टरीचं आपण बघून घेऊ' म्हणाला होतास. हो ना?"

दादानं पाना खाली ठेवला. हात पुसले.

"नाही," तो म्हणाला. "मी 'आम्ही'च म्हणलो होतो."

ओवीचं हसू ओठांवरच राहिलं. एवढं मोठं जाळं, एवढा मोठा कोश, आणि नेमकं तेच वाक्य त्यानं जसंच्या तसं पोचवलं होतं.

"म्हणायचंच होतं मला तसं," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागत होतं. "तू आधी म्हणालीस. त्या येमूलचं सांगितलंस, आणि मग पुढच्याच आठवड्यात फोनवर म्हणालीस, 'पुढच्या वर्षी आम्ही पुण्यात मोठं घर घेऊ, आईला घेऊन.' मी म्हणलं, बरं. आई तिकडं, तू तिकडं. मग आम्ही हितं सोडा कुणासाठी भरायचा? दुसऱ्या दिवशी तू फॅक्टरीची चौकशी करायला लागलीस. मला आला राग. म्हणलं, आमचं आम्ही बघू."

ओवीला तो फोन लख्ख आठवला. वसतिगृहाच्या गच्चीवर उभी राहून ती किती उत्साहात बोलली होती. पुढच्या वर्षी आपण पुण्यात मोठं घर घेऊ, आईला घेऊन. तिच्या मनात तेव्हा होते सगळे. खाली सोड्याचं दुकान काढू, वर राहू. दादानं महिन्यातून चार दिवस यायचं, हे तिनं मनातच धरलं होतं. तिचा फोन आठवडाभर श्रीनिवासचं नाव ऐकत होता. लग्न ठरलेल्या मुलीचं 'आपण' म्हणजे कोण, हे पलीकडच्या फोननं ठरवून टाकलं होतं.

आठ महिने ती स्वतःला दुखावलेली समजत होती. पहिला घाव दादाला बसला होता, आणि तो तिच्याच आवाजात बसला होता.

"दादा," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "मी 'आपण' म्हणाले होते. तू, वहिनी, आई, सगळे. खाली सोड्याचं दुकान."

"दुकान?"

"मी दुकानाचंही बोलले होते."

"ते आलं होतं ऐकू. मला वाटलं, तुम्ही दोघं काढणार. आमच्या चढाओढीला."

"आणि मला विचारलं का कुणी?" आईनं वायसरांतून मान वर न करता म्हटलं. "ही म्हणती आई पुण्याला, हा म्हणतो आई चालली. मी कुठं जाणार नाही. वाळ्याचा अर्क काढायला तुमच्यात येतंय कुणाला?"

नेत्रावहिनीला हसू फुटलं. मग दादाला. तो बाबांसारखा हसायचा, आवाज न करता, नुसते खांदे हलवून. ओवी त्याच्याजवळ गेली आणि बोल्ट गोळा करायला खाली बसली. तोही बसला.

"त्या तुझ्या बिटानं हे थांबेल होय?" त्यानं विचारलं.

"शब्द नीट पोचेल. रुसायचं असलं तर माणसं रुसतीलच."

"तेवढं तर ठेवायला पायजे," दादा म्हणाला.

तळाचा पहिला बोल्ट पुन्हा आवळून होतोय तोच दादाचा फोन वाजला. भंगारवाले शेठ. ट्रक निघाला होता, वाटेत होता. दादानं फोन स्पीकरवर घेतला आणि मशीनवर ठेवून दिला, कारण हात तेलानं बरबटले होते.

"शेठ, ट्रक माघारी फिरवा. मशीन द्यायचं नाही."

"अहो लोणारी, असं कसं? परवा शब्द दिलाय तुम्ही."

"दिला होता. चुकलं. पण आता आम्ही ठरवलंय, फॅक्टरी चालू ठेवायची."

शेठनी सूर बदलला. मग समजूतदार आवाजात म्हणाले, "आम्ही म्हणजे? तुम्ही नि वहिनीसाहेब काय?"

ओवीनं मान वर केली. हाच शब्द आठ महिने तिला सलत होता. बोलताना कुणीतरी बाहेर राहिल्याशिवाय त्याचं भागत नाही. आज बाहेर शेठ होते.

"नाही शेठ," दादा बोल्ट फिरवता फिरवता म्हणाला. "मी आणि माझी बहीण."